कापड जास्त झालंय

माझ्या बायकोच्या मामांना या जगात शिजवलेली, शिवलेली, गायलेली, बांधलेली किंवा नुसती बोललेली कुठलीही गोष्ट आजवर पूर्णपणे आवडलेली नाही. थोडी आवडते. सुरुवात आवडते, मधलं आवडत नाही. मधलं आवडलंच, तर शेवट त्यांच्या मते घाईत उरकलेला असतो. लग्नाआधी मी त्यांच्या सोलापुरातल्या, भवानी पेठेतल्या घरी पहिल्यांदा गेलो, तेव्हा त्यांनी मला समोर बसवलं. माझं शिक्षण, कॉलेजातली नोकरी, बार्शीचं घर, सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मी अजून खोलीत असतानाच माझ्या होणाऱ्या सासूबाईंना, म्हणजे आपल्या बहिणीला सांगितलं, “पोरगा चांगला हाय. बोलताना मदी जरा पडतो. पण शेवट सावरला की.” मी तेव्हा घामाघूम झालो होतो. पुढे त्यांचा सहवास वाढला तसं कळत गेलं, की इतकं दिलदार परीक्षण त्यांच्याकडून फार थोड्यांच्या वाट्याला आलेलं आहे.

नव्या पेठेत त्यांचं मॅचिंग सेंटर आहे. साडीला जुळणारा ब्लाउजपीस, अस्तर, फॉल असलं सगळं तिथे मिळतं. म्हणजे मामांना पटलं तर मिळतं. बायका पिशवीतून साडी काढतात, मामा ती दाराशी उजेडात नेतात, पदर उलटा करून बघतात आणि मागच्या फळीवरून एकच तागा काढून समोर टाकतात. गिऱ्हाइकाने दुसऱ्या रंगाकडे बोट दाखवलं, की संपलं. “न्हाय जमत ताई तो. तुमी घालाल, पण साडीला त्रास होईल.” एका बाईंनी हट्टाने मोरपंखी साडीवर पोपटी मागितला, तर मामांनी कात्री खाली ठेवली आणि पोपटी कुठल्या दुकानात मिळेल त्याचा पत्ता सांगून त्यांना वाटेला लावलं. तरीही दुकानात गर्दी असायची. बायका एकमेकींना सांगायच्या, तिथे बोलणी खावी लागतात, पण रंग चुकत नाही.

परीक्षणाची त्यांची सगळी भाषा याच धंद्यातून आलेली. गावात एखादं नाटक आलं, की मामा पुढून तिसऱ्या रांगेत. मध्यंतरात ते सरळ रंगपटात जायचे, मुख्य नटाला नमस्कार करायचे आणि म्हणायचे, “काम चांगलं करता. पण दुसऱ्या अंकात कापड जास्त झालंय. काप मारा.” हाच शेरा लग्नातल्या मंगलाष्टकांना, हाच शेजारच्यांनी बांधलेल्या जिन्याला. एकदा एका शोकसभेतून आम्ही बाहेर पडत होतो. माणूस त्यांच्या ओळखीचा, मनापासून दुःख झालेलं, डोळे ओले. तशा ओल्या डोळ्यांनी ते माझ्या कानात म्हणाले, “माणूस लई मोठा. भाषणाला कापड मात्र जास्त लागलं.” मामींच्या हातची हुग्गी, म्हणजे ती गव्हाची खीर, सगळ्या नात्यात प्रसिद्ध आहे. मामा ती वाटीभर संपवतात, पुन्हा मागून घेतात आणि दुसरी वाटी संपवल्यावर सांगतात, “गूळ मागच्या वेळी बरा होता.” मामी त्यावर कानडीत काहीतरी म्हणतात. आमच्या बार्शीकडच्या घरात कानडी पोचलेली नसल्यामुळे सुरुवातीला मला ते कळायचं नाही आणि कळायला लागल्यापासून मी ते कुणाला सांगत नाही.

या घरात विरू जन्माला आला आणि तो चित्रं काढायला लागला, यात त्याच्या धैर्याचा भाग किती आणि रक्ताचा किती, कोण जाणे. वीरेश त्याचं नाव, एकुलता एक. मी लग्न होऊन या गोतावळ्यात आलो तेव्हा तो शाळेत होता. त्याची चित्रं प्राण्यांची असायची, पण कुणी न पाहिलेल्या प्राण्यांची. म्हशीला पंख, सरड्याला जानवं, बेडकाच्या पाठीवर घर. चित्र झालं की तो धावत दुकानात जायचा. मामा गिऱ्हाइकाला थांबवून, साडी नेतात तसं ते चित्र दाराशी उजेडात न्यायचे. “डोळे जमलेत. पाय चुकलेत. हे एवढ्या वजनाचं जनावर, ह्या पायांवर उभं कसं ऱ्हाईल?” दुसरं कुणी पोर असतं तर त्याने रंगपेटी विहिरीत टाकली असती. विरू हसायचा, घरी जायचा, नवे पाय काढून परत यायचा. मला एकदा म्हणाला, “दाजी, बाकीचे सगळे छान छान म्हणतात. छानचं मी काय करू? अप्पा सांगतात ते दुरुस्त तरी करता येतं.”

तो पुण्याला शिकायला गेला आणि तिथेच व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका लहानशा कंपनीत लागला. काही वर्षं दुसऱ्यांची फुटकळ कामं केल्यावर त्या लोकांनी स्वतःचा मोठा खेळ करायला घेतला. गावोगाव हिंडायचं, रानात, पाण्यात, डोंगरात लपलेले नाना तऱ्हेचे अद्भुत प्राणी शोधायचे, त्यांना धरून आपल्या गोटात आणायचं, वाढवायचं आणि दुसऱ्यांच्या प्राण्यांशी लढवायचं, असा तो प्रकार. त्या खेळाचं इंग्रजी नाव मामांना कधीच नीट उच्चारता आलं नाही. ते त्याला ‘विरूचं जनावरांचं’ म्हणत. रविवारी त्याचा फोन यायचा तो स्पीकरवर लावला जाई. मामी विचारायच्या, “धरायचं ते धरायचं, मग लढवायचं कशाला बाबा? खाऊपिऊ घालायचं की.” विरू म्हणायचा, “अव्वा, लढवलं न्हाय तर खेळ कोण घेणार?” मग तो नव्या प्राण्याचं वर्णन करायचा आणि मामा पाय कसे आहेत ते विचारायचे.

खेळ बाजारात यायला काही महिने उरले होते, तेव्हा विरूला ताप आला. साधा वाटला. मग साधा राहिला नाही. मामा-मामी पुण्याला पोचले तोवर तो बोलत नव्हता, आणि आठवड्याच्या आत आम्ही त्याला सोलापूरला घेऊन आलो. आम्हा लिंगायतांत दहन नसतं. बसवून मातीत ठेवतात. रुद्रभूमीतून परत येताना मामा माझ्या शेजारी गाडीत बसले होते. त्या दिवशी विधी करणाऱ्या जंगमांनी काय म्हटलं, कोण आलं, कोण काय बोललं, कशाबद्दलही त्यांनी अवाक्षर काढलं नाही. घरी कुणीतरी पिठलं-भाकरी करून आणली. ती त्यांनी खाल्ली आणि ताट बाजूला सारलं. पिठलं कच्चं होतं. माझ्या बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि ती उठून आत गेली.

त्यानंतर दुकान उघडलं, पण दुकानातला माणूस गेला होता. बाईने साडी काढावी, बोट दाखवावं, मामांनी कापून द्यावं. मी एके दिवशी तिथे बसलेलो असताना एक बाई हळदी साडीवर जांभळट राणी कलर मागत होत्या. मला, कॉलेजात वाणिज्य शिकवणाऱ्या माणसालासुद्धा ते डोळ्यांना बोचत होतं. मामांनी मापून, कापून, घडी करून दिलं. बाईच बावरल्या. “काका, चांगलं दिसेल ना?” मामा म्हणाले, “तुमाला बरं वाटतंय ना.” बाई पिशवी घेऊन गेल्या, पण पायरीवर थांबून दोनदा मागे वळून बघत होत्या.

असे महिने गेले आणि पुण्याहून नेहाचा फोन आला. विरूच्या शेजारच्या टेबलावर बसून काम करणारी मुलगी. आजारपणात दवाखान्यात हीच रोज असायची. खेळ बाजारात आला, असं तिने सांगितलं. शेवटी जी नावं येतात त्यात विरूचं नाव आहे, आणि टीव्हीला जोडायचं मशीन आणि खेळ ती पाठवते आहे. मामींनी फोन ऐकून ठेवला आणि त्या देवघरापाशी जाऊन बसल्या. मामा मात्र माझ्याकडे वळले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं. “जावई,” ते म्हणाले, “लोकं काय म्हणतायत? परीक्षणं आली का?”

परीक्षणं येत होती. देशातली, परदेशातली, लिहिलेली, व्हिडिओतून बोललेली. ती वाचून मराठीत सांगायचं काम माझ्याकडे आलं. रविवारी दुपारी दुकान अर्धं बंद करून आम्ही गल्ल्याच्या मागे बसायचो. मी मोबाइलवरून वाचायचो आणि मामा डोळे मिटून ऐकायचे. पहिल्या आठवड्यात मी अडखळतच वाचलं, कारण परीक्षणं काही बरी नव्हती. चित्रं देखणी आहेत, प्राणी ताजे आहेत, असं बहुतेकांनी म्हटलं होतं. पण लढाया त्याच त्याच होतात, गोष्ट रेंगाळते, असल्या खेळांची सवय असलेल्याला यात नवं थोडं आणि वाट बघणं फार. मामांनी प्रत्येक परीक्षकाचं परीक्षण सुरू केलं. “ह्याने नीट खेळलंय. चीड खरी हाय.” दुसऱ्याबद्दल, “हा दुसऱ्याचं वाचून लिहितोय. रंग त्याचा न्हाय.” एक तरुण व्हिडिओत ओरडून ओरडून हिंदीत बोलत होता, त्याच्याबद्दल, “पोरगं चांगलं हाय, पण ह्याला कुणीतरी आधी पाणी द्या.” बोलता बोलता मामांनी समोर आलेल्या एका गिऱ्हाईक बाईंच्या हातातला चुकीचा ब्लाउजपीस काढून घेतला आणि बरोबरचा दिला. मी वाचायचा थांबलो. ते म्हणाले, “वाचा की.”

पण जवळजवळ प्रत्येक परीक्षणात एक गोष्ट सारखी यायची. खेळाच्या मध्यावर एक तळ्याकाठचं गाव आहे. तिथे लढाई नाही. तिथला प्राणी पाठलाग केला तर सापडत नाही, आमिष टाकलं तर येत नाही. हातातली बटणं सोडून नुसतं काठावर बसून राहिलं, तर बऱ्याच वेळाने तो आपणहून पाण्याबाहेर येतो. कुणी त्याला कंटाळवाणं म्हटलं होतं, कुणी खेळाच्या गळ्यातला धोंडा. तो ओरडणारा तरुण तर तिथे झोपल्याचं नाटक करून घोरून दाखवत होता. मामांनी डोळे उघडले. “हे कुणी केलं, विचारा त्या पोरीला.” मी नेहाला फोन लावला. ती म्हणाली, “ते गाव पूर्ण वीरेशचं आहे. चित्रं, प्राणी, कल्पना, सगळं. दुसऱ्या कुणाचा हात नाही त्यात.” मी ते मामांना सांगितलं. त्यांनी कात्री उचलली, पुसली आणि परत ठेवली. “मग बघायला पायजे,” ते म्हणाले.

मशीन आलं. पुढच्या खोलीत टीव्हीला जोडलं गेलं, आणि सत्तरी ओलांडलेल्या माझ्या मामेसासऱ्यांनी अद्भुत प्राणी धरायला सुरुवात केली. कात्रीने जाड झालेल्या अंगठ्याखाली दोन दोन बटणं एकदम दाबली जायची आणि पडद्यावरचा त्यांचा माणूस सारखा भिंतीवर जाऊन आपटायचा. पण प्राणी धरण्यात ते तरबेज निघाले. गवत कुठे हललं ते त्यांना लगेच दिसायचं. धरलेल्या प्राण्याला नाव देता येतं. मामांनी एका फुगीर, रागीट प्राण्याला आपल्या मेव्हण्यांचं नाव दिलं आणि एका सदैव झोपाळू प्राण्याला माझं. अडचण लढाईची होती. लढवायची वेळ आली की ते हातातलं खाली ठेवायचे. “आपल्याकडं आलंय ते. त्याला मार खायला कसं पाठवायचं?” त्यामुळे प्रत्येक लढाई ते हरायचे आणि खेळ पुढे सरकेना.

मामी सुरुवातीला खोलीत यायच्याही नाहीत. स्वयंपाकघरातून म्हणायच्या, “डोळं जातील म्हातारपणी.” मग दारात उभ्या राहू लागल्या. मग एके दिवशी, मामा सलग कितव्यांदा तरी हरत असताना, त्या पदराला हात पुसत आल्या. “द्या हिकडं तो रिमोट.” आयुष्यात मुंगीला बाजूला करून पाऊल टाकणाऱ्या या बाईने पहिल्याच लढाईत समोरच्याच्या तीन जनावरांना लोळवलं. मी आणि मामा बघत राहिलो. “ह्याला पाण्याचं भ्या हाय, दिसत न्हाय का तुमाला?” त्या म्हणाल्या. तेव्हापासून कामं वाटली गेली: हिंडायचं, शोधायचं, धरायचं मामांनी, लढायचं मामींनी. दुपारी दुकान बंद करून मामा घरी जेवायला यायचे, भाकरी, शेंगाचटणी, आमटी व्हायची आणि दोघं टीव्हीसमोर सतरंजी टाकून बसायची. मध्येच मामींचा हात थांबायचा, त्या नुसत्याच पडद्याकडे बघत राहायच्या. त्या पुन्हा रिमोट उचलेपर्यंत पडद्यावरचा माणूस आपला उभा असायचा.

पावसाळा गेला, दिवाळी आली तशी गेली. त्या वर्षी आम्ही कुणीच ती केली नाही. थंडी सुरू झाली तेव्हा ते तळ्यापाशी पोचले. मामांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. आधी एक लांबलचक रस्ता लागला, मग गावातले म्हातारे एकामागून एक काही सांगत बसले, आणि मग पाणी दिसलं. दगडी काठ, पलीकडे झाडी, पाण्यात देवळाची हलती सावली. लहानपणी मामा विरूला ज्या सिद्धेश्वराच्या तळ्यावर न्यायचे, ते तळं हे नव्हतं. पण ते पाहिलेल्या पोरानेच हे काढलं होतं, एवढं कुणालाही कळावं. मामींनी बटणं दाबून पाहिली. काही झालं नाही. मामांनी त्यांच्या हातून रिमोट हळूच काढून घेतला आणि सतरंजीवर ठेवला. आम्ही बसलो. खूप वेळ बसलो. माझी नजर दोनदा घड्याळाकडे गेली. मग पाणी फुगलं आणि तो वर आला. म्हशीएवढा, ओला, पाठीवर सोलापुरी चादरीसारखी नक्षी, डोळे मोठे आणि शांत. तो काठावर चढला आणि पडद्यावरच्या माणसाशेजारी बसला. एवढंच. पाय मजबूत होते, त्या वजनाला शोभणारे.

मामी तोंडावर पदर घेऊन रडत होत्या. मामा त्याचे पाय निरखून बघत होते. मग ते म्हणाले, “लांबलंय.”

मामींनी पदर काढला. मी त्यांना इतक्या संतापलेलं कधी पाहिलं नव्हतं. “गेलेल्या पोराला तरी चांगलं म्हणा की वो! एकदा म्हणा!”

“चांगलं हायच,” मामा म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता. “लई चांगलं हाय. पण लांबलंय. खोटं बोललो तर त्याला कळायचं. फोनवरसुद्धा कळायचं.” मामी उठून आत गेल्या आणि दोन दिवस मामांशी बोलल्या नाहीत.

तो अबोला सुटायच्या आतच नेहा स्वतः सोलापूरला आली. मामींनी तिच्यासाठी हुग्गी केली होती. ती जेवली, पण तिचं जेवणात लक्ष नव्हतं. हात धुतल्यावर तिने सांगून टाकलं. परीक्षणं अशी आल्यामुळे कंपनीने खेळ दुरुस्त करायचं ठरवलं होतं. नवी आवृत्ती इंटरनेटवरून आपोआप सगळ्यांच्या मशीनवर उतरते, जुनी पुसली जाते. आणि त्या आवृत्तीत तळ्याकाठचं गाव जवळजवळ काढून टाकायचा विचार चालला होता. “मला हे फोनवर सांगवेना,” ती म्हणाली. “काका, तुम्ही नको म्हणालात तर मी तिथे भांडेन. वीरेशचं आहे म्हटल्यावर ते ऐकतील.”

मामींनी तिचा हात घट्ट धरला. “नको म्हणतोय आमी. सांग त्यांना.”

मामांनी मात्र विचारलं, “विरूला ठावं होतं का, लांबलंय ते?”

नेहाने मान खाली घातली. “आम्ही सगळेच सांगत होतो त्याला. तो ऐकायचा नाही. म्हणायचा, पूर्ण झालं की सोलापूरला नेतो, अप्पांना दाखवतो. ते म्हणाले जास्त झालंय, तर मी स्वतः कापतो.”

मामांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि परत न घालता हातातच ठेवला. मग ते नेहाला टीव्हीसमोर घेऊन बसले आणि त्यांनी तो भाग पहिल्यापासून दाखवायला लावला. “हा रस्ता काढा. हितं कापड जास्त झालंय. हे म्हातारे एवढे बोलतायत, त्यातला एक ठेवा. ही दुकानं नकोत.” विरूने लहानपणी आणलेलं चित्र दाराशी नेऊन जसं बोलायचे, तसेच ते बोलत होते. मग पाणी आलं. मामा थांबले. “हितनं पुढं मात्र कात्री लावू नका, पोरी. हितं बसायला लागतं. तेवढं बसलं न्हाय, तर तो आला काय आणि न्हाय आला काय.” नेहा म्हणाली, “मी सांगते काका. पण मानतीलच असं नाही.” मामा म्हणाले, “सांगून बघ. अप्पा म्हणाले म्हणून सांग.” हे वाक्य पुरं होताना त्यांना रडू फुटलं. आजवर कुणी पाहिलं नव्हतं, असं ते रडले. मामी, ज्या दोन दिवस बोलत नव्हत्या, त्या शेजारी येऊन बसल्या.

कंपनीने थोडं मानलं, थोडं नाही. रस्ता गेला, म्हातारे गेले. काठावर बसणं ठेवलं, पण निम्म्यावर आणलं. नेहाने हे कळवलं तेव्हा मामा नवी आवृत्ती घ्यायला तयार होते. “त्याने कापलंच असतं,” ते म्हणाले. मामींनी वायफायचा डबा भिंतीवरून काढला आणि आपल्या लुगड्यांच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. मामांनी त्यावर मत दिलं नाही.

नव्या आवृत्तीची परीक्षणं मी त्यांना दुकानात वाचून दाखवली. लोकांचं मन वळत होतं. एका परदेशी बाईंनी लिहिलं होतं, की या खेळात बाकी उणिवा पुष्कळ असल्या, तरी तळ्याकाठच्या त्या बसण्यासाठी तो खेळावा; आणि ज्या तरुणाने हे केलं, तो हे वाचायला उरलेला नाही. तेवढं मी पुन्हा वाचलं. मामा म्हणाले, “बाईने बरोबर लिहिलंय.” मी वाट बघितली, पण पुढे ‘पण’ आला नाही.

परवा मी त्यांच्याकडे गेलो, तर दुपारची वेळ होती आणि दोघं सतरंजीवर टीव्हीसमोर बसली होती. पडद्यावर तळं होतं. रिमोट दूर ठेवलेला. मी चप्पल काढून मागे बसलो. कुणी माझ्याकडे वळून पाहिलं नाही. रस्त्यावरून एक रिक्षा गेली, शेजारी कुणीतरी कपडे आपटत होतं. मग पाणी फुगलं, तो वर आला आणि मामी म्हणाल्या, “बंदा.” कानडीत जनावर आलं तर ‘बंतू’ म्हणतात. ‘बंदा’ म्हणतात ते घरचा मुलगा आला तर. दुसऱ्याच्या बोलण्यातली काना-मात्रा न सोडणारे मामा हे ऐकून मान हलवतील, असं मला वाटलं. ते थोडे सरकले, सतरंजीवर आपल्या शेजारी हातभर जागा केली आणि पडद्याकडे बघत, लहान पोराला हाक मारतात तसं, हळूच म्हणाले, “बारप्पा.” ये रे बाळा.